वाढवलेल्या बांगड्या

गणपतीच्या पायाची शपथ, माझ्या उरलेल्या चार दाढांची शपथ, आता जे सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या चहात जन्मभर साखर पडू नये. डॉक्टरनं बंद केलीय म्हणून तशीही पडत नाही, पण ते सोडा.

तर कल्पिता तुळसाच्या दारात उभी होती, हातात उघडी डबी, आणि म्हणत होती, "काकू, बांगड्या कुठंयत?"

तुळसा हसली. "अगं, त्याच की ह्या!"

डबीत कापसावर नऊ हिरवे मणी होते. मोठ्या वाटाण्याएवढे, एकासारखा एक.

"वाढवल्या ना," तुळसा म्हणाली. "तू सांगितलेलंस तशा."

"वाढवल्या? मग मोठ्या कुठं झाल्यात?"

मी मोरीजवळ स्टुलावर चहा पीत होते. माझा कप तिथंच थांबला. मला आधी कळलं. तुळसाला नाही कळलं.

इथं जरा थांबते. तुळसा कोण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

तुळसा माझी शेजारीण, कोपरीत आमची भिंतीला भिंत. जातीची कासार. तिचा नवरा सहदेव, त्याचं नौपाड्यात बांगड्यांचं दुकान होतं, दुकान म्हणजे एक फळी आणि दोन काचेची कपाटं. पण माणूस असा की बाईचा हात नुसता हातात घेतला की सांगायचा, सव्वादोनची बांगडी की अडीचची. त्याच्या दुकानात एक शब्द चालत नव्हता: फुटली. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा संध्याकाळी बंद नाही करायचं, वाढवायचं. एकदा मीच चुकून म्हणाले, "सहदेव, ही फुटली रे," तर मला दुकानाबाहेर उभं करून परत आत यायला लावलं त्यानं. शाळेतल्यासारखं.

तो गेला. दुकान वाढवलं. कायमचं. कपाटं भंगारात गेली, पण वाढलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांचे तीन पत्र्याचे डबे तुळसानं घरी आणले. त्यातून ती मणी करायला शिकली, कोणाकडं ते मला आजवर सांगितलं नाही. सोनारासारखी गॅसची बंदूक, एक सळई, सळईला खडू-मातीचा लेप. ज्योतीत काच मऊ करायची, मधासारखी झाली की सळईवर फिरवायची, आणि मणी झाला की लगेच गरम राखेच्या डब्यात पुरायचा. गार वाऱ्यावर ठेवला की तडकतो. पुढं पुढं ती गोटीसोड्याच्या जुन्या बाटल्या, निळ्या औषधाच्या बाटल्या, कंदिलाच्या काचा, अत्तराच्या कुप्या, सगळं घ्यायला लागली. भंगारवाले तिला ओळखायचे. तिच्या माळा अशा की एक बाई माळ घालून मासुंदा तलावावर फिरायला गेली, तर बदकानं द्राक्षं समजून दोन मणी गिळले. त्या बदकाची अंडी अजून हिरवट निघतात. जाऊन बघा.

माझी नात करिश्मा, तिनं तुळसाचं मोबाईलवर पान काढून दिलं. वर लिहिलं, 'जुन्या काचेला नवं रूप.' तिथंच घात झाला.

कल्पितानं ते वाचलं. पोरगी टिटवाळ्याची, नव्या टॉवरमधली, इंग्लिश शाळेत शिकलेली. त्याच्या पंधरा दिवस आधी आली तेव्हा खाली रिक्षा थांबलेली, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि ही घाईघाईत डबी पुढं करते.

"काकू, ह्या माझ्या आईच्या. लग्नाआधी वाढवून पाहिजेत. प्लीज, सांभाळून हां."

"दोन्ही वाढवू?" तुळसानं विचारलं.

"हो, दोन्ही."

"मोठं करू का बारीक?"

"मोठंच! बारीक करून काय करू?"

मी तिथंच होते. माझ्या समोर झालं हे सगळं. तुळसाकडं रोज बाया येतात, "तुळसाबाई, ह्या वाढवून मणी करा." तसंच वाटलं. बांगड्या छान होत्या, जुन्या, पोपटाच्या पंखासारख्या हिरव्या, आणि एकीच्या काचेत मोहरीएवढा बुडबुडा. पोरगी गेल्यावर तुळसा म्हणाली, "आईची आठवण गळ्यात घालून बोहल्यावर चढणार. केवढी गुणाची!" आणि देव्हाऱ्यापुढं नमस्कार करून तिनं त्या फडक्यात गुंडाळून लाटण्यानं वाढवल्या.

आता परत दारात या.

"मला मोठ्या करून हव्या होत्या," कल्पिता म्हणाली. "साईझ मोठी. माझ्या हातात जात नाहीत. साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. आईला हॉस्पिटलमध्ये सूज आली तेव्हा सिस्टरनी साबण लावून काढल्या, म्हणून राहिल्या. नाहीतर तिच्याबरोबरच... काकू, तुम्ही काय केलंत?"

"अगं, बाळा, वाढवणं म्हणजे..." तुळसाच्या तोंडातून पुढचा शब्द येईना. ओठ नुसते हलतायत. साठ वर्षांत कधी उच्चारलाच नव्हता तो. कुठून येणार?

शेवटी मीच म्हणाले. "फोडणं गं. फोडल्या तिनं."

त्या घरात हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला असेल. तुळसानं माझ्याकडं असं बघितलं की जशा मीच फोडल्या.

कल्पिता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्याला पाणी देता येतं. तिनं एकेक मणी उजेडाकडं धरून बघितला.

"बुडबुडा कुठंय?"

"तो तुकडा ठेवलाय, बाजूला ठेवलाय," तुळसा घाईनं म्हणाली. "तो वितळवायचा जीव झाला नाही."

"आई म्हणायची, बांगडी करताना त्या माणसाला उचकी लागली, ती आत राहिली. मी लहान असताना तिथं बोट लावून झोपायचे." तिनं डबी टेबलावर ठेवली. "रविवारी लग्न आहे. मला माझ्या बांगड्या हव्यात. कशा ते मला माहीत नाही, काकू."

आणि गेली.

मंगळवार होता तो.

बुधवारी आम्ही दोघी तुकडा रुमालात बांधून निघालो. जांभळी नाका पालथा घातला. कल्याणला गेलो, डोंबिवलीला गेलो, प्रत्येक बांगडीवाल्यापुढं रुमाल सोडला. "हा रंग आता येत नाही, मावशी," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "प्लास्टिकमध्ये देतो की सेम टू सेम." तुळसानं रुमाल परत बांधला. दिवसभरात तिला चहा पाजायला मला चार ठिकाणी नाटक करावं लागलं की मलाच चक्कर येतेय.

गुरुवारी सकाळी तिनं बंदूक पेटवली. म्हणाली, "बांगडी करते."

"तुळसे, बांगडीला भट्टी लागते. तू मणी करतेस."

"माझे मामा करायचे. मी बघितलंय."

"सहा वर्षांची असताना!"

"बघितलंय ना?"

नऊच्या नऊ मणी परत वितळवले तिनं. नळाच्या पाइपाला लेप लावला आणि त्यावर काच ओढत ओढत फिरवली. मी तिचं मनगट धरून ठेवलं. पण हातानं ओढलेली बांगडी जाड होते, त्यात ही मोठी, दोन्हींची काच एकीलाच पुरेना, आणि फोडताना, वाढवताना, बारीक चुरा वाया गेलेला. दोन बोटं कमी पडली. मग तिनं गोटीसोड्याच्या बाटलीचा हिरवा तुकडा घेतला आणि सांधला. मला माहीत होतं, तिला तर माझ्याहून माहीत होतं. दोन वेगळ्या काचांचं पटत नाही. गरम असेपर्यंत गळ्यात गळा, गार व्हायला लागल्या की एक आधी आक्रसते, एक मागून. तरी केलं. माणूस बुडताना गवत धरतो, हिनं काच धरली.

बांगडी झाली. वेडीवाकडी, पण गोल. राखेत पुरली. आम्ही दोघी डब्यासमोर फतकल मारून बसलो. जेवलो नाही. दुपारी चारला डब्यातून आवाज आला.

टण्.

बस. एकदाच. तुळसानं झाकण काढलंसुद्धा नाही. म्हणाली, "वाढली." आणि भिंतीला टेकून बसली.

तेव्हा मी उठले आणि तिच्या कपाटातली साडीची पिशवी काढली. मला ठाऊक होतं तिच्यात काय आहे. सहदेव गेला तेव्हा गल्लीतल्या बाया तिच्या बांगड्या वाढवायला आल्या होत्या. तिनं हात मागं घेतले, "मी काढते," म्हणाली, आणि एकेक हलकेच काढून साडीत गुंडाळल्या. सहदेवानं स्वतः भरलेल्या. जुन्याच, हिरव्याच.

"ह्या दोन दे तिला," मी म्हणाले. "अडीचच्या आहेत, तिच्या हातात जातील. रंग उन्नीस-बीस. सांग, केल्या मोठ्या."

"आणि बुडबुडा?"

"विरघळला म्हणावं आगीत. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, गंगे."

"बाई, पोरीचं लग्न नीट होईल!"

"विधवेच्या बांगड्या नवरीच्या हातात, तेही खोटं बोलून? त्यापेक्षा तिच्या शिव्या खाईन." मग तिनं करिश्माकडून कल्पिताला फोन लावून घेतला आणि खरं काय ते सांगितलं. बांगडी झाली नाही. माझ्या स्वतःच्या आहेत, मी अशी-अशी आहे, चालत असतील तर ने. स्पीकरवर होतं, मी ऐकलं.

मग कल्पिता म्हणाली, "तुमच्या तशा चालतील हो, काकू. मी ते मानत नाही. पण मला तुमच्या नकोत ना. मला आईच्या पाहिजेत."

शुक्रवारी तुळसानं सोड्याची काच कापून टाकली आणि उरलेल्याचे सात मणी केले. बुडबुड्याचा तुकडा मात्र आगीला दाखवला नाही. सहाणेवर पाणी घालून त्याच्या कडा घासल्या, इतक्या की गालावर फिरवला तरी लागणार नाही. चांदीच्या तारेत बसवला. माळेच्या मधोमध तो, दोन्हीकडं मणी. माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू जा. मला तिच्यासमोर उभं राहवणार नाही."

मी रविवारी टिटवाळ्याला गेले. लग्न काय सांगू! आठशे माणूस, हॉलमध्ये हत्ती आणलेला, निदान हत्तीएवढा बँडवाला. कल्पितानं माळ घेतली, हिरव्या चुड्यावर हिरवी माळ, आणि सप्तपदीच्या आधी तिनं तो बुडबुडा ओठांना लावला. सासू म्हणाली, "हे कुठून घेतलंस गं?" तर म्हणाली, "आईचं आहे." घरी येऊन मी तुळसाला हे सगळं हत्तीसकट सांगितलं, आणि लग्नातले म्हणून दोन लाडवांची पुडी दिली.

"ओठांना लावला?"

"शप्पथ."

तिनं लाडू खाल्ला. सावकाश, दोन्ही. मग पुडीच्या कागदाची नीट घडी घातली आणि सहदेवाच्या फोटोमागं ठेवली.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीची एक बाई आजेसासूच्या बांगड्या घेऊन आली. "ह्या वाढवून द्या." तुळसानं बांगड्या हातात घेतल्या, तिच्या डोळ्यात बघितलं आणि विचारलं, "फोडू का?"

बाई दचकली. "अहो, असं काय बोलता!"

"फोडू का ते सांगा. फोडल्या की परत होत नाहीत."

तेव्हापासून प्रत्येकीला विचारते. फोडू का. निम्म्या बाया तोंड वाकडं करून निघून जातात. जाऊ देते.

आता शपथ घेतलीय तर सांगून टाकते. एवढं एक मी रचलं. बदकाचं नाही, बदक खरं आहे. लग्नाचं.

मी हॉलवर नाही, सकाळीच तिच्या घरी गेले होते. दार कल्पितानंच उघडलं, कोपरापर्यंत मेंदी. डबी बघितली. "आजी, प्लीज. परत घेऊन जा," म्हणाली, आणि दार इतक्या हळू लावलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही. लाडू मी टिटवाळ्याच्या गणपतीच्या देवळाबाहेरच्या दुकानातून घेतले. माळ माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. कधीमधी काढून उजेडाकडं धरते. उचकी तशीच आहे.

एकच राहतं. त्या पुडीच्या कागदावर दुकानाचं नाव होतं, ठळक लाल अक्षरात, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तुळसाला वाचता येतं.