नीरूचं भूत

चन्नम्मा अक्का वाचली याचं श्रेय कुणी भूतसंशोधनाला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ती स्वतःच्या घरात पाय मोडून पडली होती आणि खिडकीबाहेर माझे यजमान भुताची मुलाखत घेत होते.

यजमान म्हणजे व्यंकटराव. आमचं कर्नाटकात, बिदरकडच्या मेहकरात शेत, भालकीला बी-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की हे मोबाइलवर भुतं शोधतात. गिऱ्हाईक असलं तरी शोधतातच. कुठल्या परदेशातल्या दवाखान्यात कोण कण्हतं, कुठल्या किल्ल्यावर पांढरी बाई दिसते, सगळं तोंडपाठ. पुण्याच्या कुणा गुरुजींचा 'अतींद्रिय संशोधन' असा ऑनलाइन वर्गही लावलाय. घरातली मोटार का बंद पडली एवढं विचारलं, की मात्र म्हणणार, "वायरमनला बोलव."

चन्नम्मा अक्का आमची शेजारीण, एकटी राहणारी. मुलीकडे कलबुर्गीला गेली होती, पुढच्या दाराला कुलूप. परवा कुणाला न कळवता दुपारच्या बसने परत आली, मागच्या दाराने आत शिरली, कडी लावली आणि न्हाणीपाशी घसरली. पुढचं कुलूप तसंच लोंबत होतं, त्यामुळे गावाच्या लेखी घर रिकामंच.

तिन्हीसांजेला व्यंकटराव तिथून येत होते. आतून कण्हल्याचा आवाज आला. दुसरा कुणी असता तर दार वाजवलं असतं. यांनी गुरुजींच्या शिकवणीप्रमाणे मोबाइल खिडकीच्या फटीला लावला आणि पुस्तकी मराठीत विचारलं, "आपण कोण आहात? आपल्याला काय हवं आहे?"

आतून आलं, "बा... नीरू..."

यांना हर्षवायू व्हायचाच बाकी होता. रेकॉर्डिंग लगेच गुरुजींच्या ग्रुपवर गेलं. आमची जेवणं होईपर्यंत निकालही आला: नीरू नावाची मुलगी, अकाली मरण, बापाला हाक मारतेय. एका विद्वानाने तर ती विहिरीत बुडाली हेही शोधून काढलं. मेहकर कुठल्या राज्यात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण विहीर ठाऊक होती.

"अवो, अक्काच्या घरात कवा कोन नीरू हुती?" मी विचारलं.

"लई जुनी गोष्ट असंल. तुला न्हाई कळायचं, ह्यात फ्रिक्वेन्सी असतीया."

"मंग मला ऐकवा की."

"हेडफोनबिगर ऐकायचं नसतंय."

आणि हेडफोन त्यांच्या कानात. मी भांडी घासायला गेले.

सकाळी मी भाकरी थापत होते. हे ओट्याशेजारी उभे राहून कुणा सहसंशोधकाला फोनवरून तो आवाज ऐकवत होते, म्हणून एकदाचा हेडफोन निघाला होता. "बा... नीरू..." मी पिठाचा हात तसाच माठात घातला, तांब्या भरला आणि द्यायला वळले. द्यायचा कुणाला? घरात आम्ही दोघंच.

कानडीत बा म्हणजे ये आणि नीरू म्हणजे पाणी. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. दारात कुणी नीरू म्हटलं की आधी हात तांब्याकडे जातो, कोण आलंय ते मग बघायचं. व्यंकटराव तर भालकीत दिवसभर कानडीतच घासाघीस करतात. पण भूत मराठीच असणार, हे पुण्याहून ठरून आलं होतं.

"अवो, नीरू न्हाई, पानी मागायलीय ती! चन्नम्मा अक्का हाय आत!"

मी तांब्या घेऊन तशीच धावले. भाकरी तव्यावर जळाली, जळो. मागचं दार व्यंकटरावांनी खांद्याने मोडलं. संशोधनात खांद्याचा उपयोग झाला तो एवढाच.

अक्का फरशीवर पडली होती. ओठ पांढरे, डोळे उघडे. मला रडू आवरेना. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी घोट घोट पाणी पाजलं. व्यंकटराव बिदरच्या दवाखान्याच्या गाडीला फोन लावत दारात उभे राहिले, आत यायचा धीर होईना. तांब्या रिकामा झाला तेव्हा अक्काने त्यांच्याकडे पाहिलं.

"व्यंकटा, खिडकीत काल तूच हुतास न्हवं?"

यांनी कानाचा मोबाइल खाली घेतला.

"काय पायजे म्हून तूच इचारलास. म्या नीरू म्हनले." तिला दम लागला. "तू धन्यवाद म्हनलास आन् गेलास."

म्हणजे मुलाखत संपताना आभारही मानले होते. ते रेकॉर्डिंगमधून कापलं असणार. एरवी मी यावर वर्षभर पुरेल एवढं बोलले असते, पण त्यांचं तोंड बघून मी पदराने अक्काचं कपाळ पुसत बसले.

अक्काने रिकामा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"बा," ती म्हणाली. "नीरू."

व्यंकटराव आत आले, तांब्या उचलला आणि हापशाकडे पळत सुटले. या वेळी पुण्याला विचारावं लागलं नाही.