न नेलेला शर्ट

लाँड्रीवाल्या बाई गिऱ्हाईक चेहऱ्यावरून ओळखत. पावती मागायची त्यांना गरजच पडत नसे. समोरच्या घड्याळजीचा भरदुपारी खून झाला, तेव्हा पोलिसांनी साक्षीला त्यांनाच गाठलं. त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच: दुकानातून एक माणूस पळत सुटला, कोपऱ्यावर त्याने एकदा मागे वळून बघितलं आणि दिसेनासा झाला.

महिन्याभराने ओळख परेड झाली. नऊ जण रांगेत उभे. पाचव्यापाशी येताच बाई थबकल्या. चेहरा नक्की पाहिलेला.

"हाच," त्या म्हणाल्या.

कोर्टातही त्यांनी छातीठोकपणे तेच सांगितलं. "मी यांच्या लाँड्रीत एकदा आलो होतो," असं तो काकुळतीला येऊन सांगत होता. बाईंना ती थाप वाटली. दुसरा धड पुरावा नव्हता, तरी त्याला जन्मठेप झाली.

तीन वर्षांनी बाईंनी न नेलेल्या कपड्यांचं कपाट आवरायला काढलं. तळाशी एक निळा शर्ट निघाला, कॉलर इस्त्रीने करपलेली. चिठ्ठीवर अक्षर त्यांचं, नाव त्याचं, तारीख खुनाच्या आठ दिवस आधीची. बाईंनी शर्ट उलगडला. त्या कॉलरवरून त्याने काउंटरवर घातलेली हुज्जत, रागाने शर्ट तिथेच टाकून निघून जाणं, सगळं लख्ख आठवलं.

"झालं ते झालं. आता कशाला नसती उठाठेव?" नवरा म्हणाला. बाई तरीही त्या कैद्याच्या वकिलाकडे गेल्या.

अपिलात सरकारी वकिलांनी विचारलं, "तेव्हा तुमची खात्री होती?"

"होती."

"आणि आता पळणारा माणूस डोळ्यांपुढे आणलात, तर कोण दिसतं?"

बाईंनी खूप प्रयत्न केला. "हाच दिसतो," त्या म्हणाल्या. "पण तो काउंटरवरचा आहे, साहेब. पळणाऱ्याचा चेहरा माझ्याकडे उरलेलाच नाही."

वकील खाली बसले. पहिली साक्ष घटना ताजी असतानाची, म्हणून तीच विश्वासार्ह, असं निकालात आलं. अपील फेटाळलं.

बाहेर पायऱ्यांवर कैद्याची बहीण उभी होती. बाई तिच्यापाशी गेल्या.

"तुम्ही तेव्हाही खोटं बोलला नव्हतात, ते कळतं मला," ती म्हणाली. "पण ते कळून मी काय करू?"

दोघींची बस एकच होती. बहीण थांब्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. बस आली तेव्हा बाई चढल्या नाहीत.