करीमबक्शच्या देगा

नूर महंमदचे आजोबा करीमबक्श कल्हईवाले. त्यांनी धरणगावात ना माडी बांधली, ना बिघाभर रान घेतलं. कापसाच्या तेजीत भांडी भरपूर आली, चार पैसे गाठीला लागले, तेव्हा त्यांनी पंगतीचं रांधायच्या तांब्याच्या चार दांडग्या देगा घडवून जमातीच्या हवाली केल्या. निकाह असो, मयताचा चाळिसावा असो, मोहल्ल्यातल्या कुणीही न्याव्यात, भाडं नाही. म्हातारा म्हणायचा, "घर पोरं वाटून घेतील, रान विकून खातील. जमातीची देग कोण वाटून घेईल?" म्हाताऱ्याला वाटणीचीच तेवढी धास्ती होती. ज्या देगेला कुणी विचारतच नाही, तिचं काय होतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

आता लग्नं लॉनवर होतात. मंडप, जेवण, भांडी, सगळं ठेकेदाराचं. देगा मशिदीमागच्या खोलीत धूळ खात पडल्या, आणि जमातीनं ठरवलं की तांबं मोडीत घालून मशिदीत एसी बसवायचा. नूर महंमद बैठकीत हात जोडून उभा राहिला. त्याच्या घराण्याचं म्हणावं असं गावात दुसरं होतंच काय? "माझ्या शाझियाच्या लग्नात यांत बिर्याणी शिजू द्या. लोकांनी एकदा खाल्ली की विकायचं नाव काढणार नाहीत." जमातीच्या अध्यक्षांना म्हाताऱ्या नूर महंमदची दया आली. म्हणाले, "ठीक आहे नूरभाई. नातीच्या लग्नात शिजलं, तर राहू देऊ."

मग काय, नूर महंमद इरेला पेटला आणि स्वतःच देगांना कल्हई करायला बसला. भाता बायको, रहिमाबी, हलवायची. नवसागराच्या धुरानं दोघं खोकून खोकून बेजार झाली, पण आतून कथील असं चढलं की रहिमाबीनं वाकून आपला चेहरा पाहिला आणि पदर सारखा केला. कितीतरी वर्षांनी ती नवऱ्याकडे बघून हसली.

लग्नाच्या सकाळी टेम्पोतून देगा लॉनवर उतरल्या. मॅनेजर स्वप्नील धावत आला. "चाचा, आठे लाकडं पेटाडता येत नही. बठ्ठं गॅसवर शे." लॉनवर लाकडाच्या चुलीला बंदीच होती.

गोल बुडाची देग शेगडीवर ठेवली, की कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली. बावर्ची झैद भला माणूस; त्यानं विटा लावून पाहिल्या, मग मान हलवली. "चाचा, तांदूळ भिजलाय. माणसं जळगावहून निघालीत." जन्मभर कल्हई करणाऱ्या नूर महंमदनं भांडं आतूनच पाहिलं होतं. चूल नसेल, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं! बिर्याणी ठेकेदाराच्या पातेल्यांत शिजली, आणि झकास शिजली. लोक बोटं चाटत होते. नूर महंमदनं ताट घेतलंच नाही. तरी अध्यक्षांच्या पाया पडू, परसात चूल मांडून पुन्हा शिजवून दाखवू, असं तो मनाशी घोकत होता.

पंगती उठल्यावर तो मागे गेला. देगांत उष्टी पानं, हाडं, चोळामोळा झालेले कागदी रुमाल काठोकाठ भरले होते. नातू अतिक वरून आणखी एक टोपलं ओतत होता.

"अरे, हे काय केलंस!"

"दादा, कचऱ्याचा डबा भरला होता. या रिकाम्याच तर होत्या." पोरगा चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच काही कळलं नव्हतं, आणि तेच नूर महंमदच्या काळजाला लागलं. परक्यानं हे केलं असतं तर तो भांडला असता. घरच्या पोराशी काय भांडायचं? आणि कुणासाठी?

शुक्रवारी नमाजनंतर बैठक भरली. अध्यक्षांनी विषय काढायच्या आत नूर महंमद म्हणाला, "विकून टाका." त्याचा आवाज अगदी साधा होता. अध्यक्षांनी एसीवर करीमबक्शांचं नाव घालू म्हटलं. "नका घालू," तो म्हणाला.

घरी रहिमाबी दारातच उभी होती. "काय ठरलं?"

"दिल्या."

"कुणी दिल्या?"

"मी."

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मग आजोबांचं आता काय राहिलं हो?"

"तू अन् मी," नूर महंमद म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला.