नवं एकोणपन्नास

माझा भाऊ कास्पर आणि माझा नवरा फ्रिडली आधी एकमेकांचे दोस्त, मग मेहुणे. सैन्यातल्या पहिल्या वर्षी दोघांच्या हातात एकाच सकाळी पिस्तुलं पडली, एकाच पेटीतली, पाठोपाठच्या नंबरांची. नोकरी संपल्यावर आमच्याकडे माणूस आपलं हत्यार घरी घेऊन येतो, तशी तीही घरी आली. सैन्यानं ते पिस्तूल एकोणपन्नास साली घेतलं, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘एकोणपन्नास’ म्हणतात.

दर रविवारी दोघं क्लबात शेजारीशेजारी उभे राहून नेमबाजी करायचे आणि मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून पिस्तुलं खोलून साफ करायचे. मी एकीकडे बटाटे परतायची, दुसरीकडे यांच्या तेलाचा वास. लग्न झाल्यापासून रविवार म्हणजे मला तोच वास. कधी तक्रार केली असेल, पण मनापासून नाही.

काही वर्षांपूर्वीच्या वसंतात क्लबातला दातांचा डॉक्टर श्ट्युसी एक नवं एकोणपन्नास घेऊन आला. जुनं राईन नदीकाठच्या कारखान्यात व्हायचं, ते केव्हाच बंद झालं. हे समुद्रापलीकडून आलेलं. सगळे टेबलाभोवती गोळा झाले, नवीन सून बघायला जमावं तसे.

“माशी बघा केवढी ठसठशीत,” श्ट्युसी म्हणाला. नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, तिला माशी म्हणतात. “गोळ्यांचं मॅगझिन काढायला अंगठ्याशी बटण. आणि मागं हे शेपूट वाढवलंय, त्यामुळं गोळी झाडताना मागं येणारा घोडा हाताला चावत नाही.”

“चावायलाच पाहिजे,” कास्पर म्हणाला. “चावलं की कळतं, आपण चुकीचं धरलंय.”

“तुला पन्नास वर्षं चावतंय,” रोझमारी म्हणाली. “अजून कळलं नाही होय?” ती आमच्या टपाल कचेरीत होती आणि क्लबात तिच्याइतका चांगला नेम कुणाचाच नव्हता. कास्परही तिला उलट बोलायचा नाही.

तिनंही नवं नुकतंच घेतलं होतं, क्लबात अजून आणलं नव्हतं. तिच्याकडे दोन्ही, म्हणून सगळ्यांनी तिचं मत विचारलं. ती म्हणाली, “नेम दोन्हींचा सारखाच. फक्त जुनं साफ करताना मला बरं वाटतं. नवं साफ करताना ते नुसतं साफ होतं.”

“ऐकलंत?” कास्पर पेटला. “जुन्याचा एकेक भाग कारागिरानं हातानं घासून त्याच्याच जोडीला बसवलाय. एकाचा भाग दुसऱ्याला लावून तर बघा, पहिल्याच गोळीला समजेल! हे मशीनवरचं. छापलेल्या नोटेसारखं, सगळं एकसारखं.”

“आम्हाला छापलेल्या नोटा चालतात बाबा,” श्ट्युसी म्हणाला आणि सगळे हसले.

फ्रिडलीनं नवं पिस्तूल हातात घेतलं, लक्ष्याकडे धरलं आणि तसाच उभा राहिला. चाप न ओढता. पुष्कळ वेळ.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, “व्रेनी, मला माशी दिसली.”

“म्हणजे?”

“माझ्या पिस्तुलाची दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी अंदाजानं मारतो.”

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्याला नेत होते, तरी हे मला ठाऊक नव्हतं. बोटंही आखडली होती. जुन्याचं मॅगझिन मुठीच्या तळाशी खटका ओढून काढावं लागतं, त्याला तेही जमेना. नंतर लक्षात आलं, त्या वर्षी मॅगझिन भरायला तो नेहमी भिंतीकडे वळून बसायचा.

पुढच्या रविवारी स्वयंपाकघरात त्यानं कास्परला सांगितलं, मी नवं घेतोय. डोळ्यांचं सांगितलं नाही. पुरुषांना वाटतं, न सांगताच समोरच्यानं ओळखावं.

कास्परनं हातातला कपडा खाली ठेवला. “उद्या बायको जुनी झाली म्हणून तीही नवी आणशील.”

“आणू दे की,” मी म्हणाले, “भांडी ती घासेल.”

पण फ्रिडलीला हसू आलं नाही. उभ्या आयुष्यात आवाज न चढवणारा माझा नवरा, तेव्हाही त्यानं चढवला नाही. शांतपणे म्हणाला, “कास्पर, पुढच्या रविवारपासून तू तुझ्या घरी साफ कर.”

कास्पर वर्तमानपत्रात आपले भाग गुंडाळून निघून गेला. जूनमध्ये तो गाई घेऊन डोंगरावरच्या कुरणावर गेला, तो आमच्याकडे न येताच. रविवारी मी बटाटे परतायची आणि टेबल मोकळं असायचं.

भांडणानं फ्रिडलीच मऊ पडला. म्हणाला, नवं राहू दे, जुन्यावरच मोठी माशी बसवून घेऊ. म्हणजे कास्परही गप्प बसेल. आम्ही शहरातल्या बंदूकवाल्याकडे गेलो. त्यानं पिस्तूल खोललं, भिंग लावलं आणि विचारलं, “हे तुमचंच ना?”

“सैन्यातून आणलंय. का?”

“खालच्या सांगाड्यावरचा नंबर सहानं संपतो. वरच्या सरकत्या भागावरचा सातानं. माशी बसवायला मला वरचा भाग कापावा लागेल, आणि तो तुमचा नाही.”

फ्रिडली माझ्याकडे बघायला लागला. सातानं संपणारा नंबर कुणाचा, ते आम्हा दोघांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुरणावर गेलो. कास्पर दूध तापवत होता. आम्हाला बघून त्यानं ‘या’ म्हटलं नाही, पण तीन कप काढले. फ्रिडलीनं आपलं पिस्तूल खोलून त्याच्यापुढं ठेवलं. कास्परनं चष्मा लावला, नंबर वाचला, पुसून पुन्हा वाचला. मग उठून आतून आपलं घेऊन आला.

त्याच्या पिस्तुलाचा खालचा भाग त्याचा होता. वरचा फ्रिडलीचा.

“तू बदललंस!” कास्पर म्हणाला.

“मी कशाला बदलू?”

“मग काय उंदरांनी बदललं?”

मला मात्र एक रविवार आठवत होता. आमची मुलगी आना बाळंतपणाला घरी आली होती. बाहेर हिमवादळ, टेबलावर दोन्ही पिस्तुलं सुटी पडलेली, आणि तिनं दार धरून मला हाक मारली. मी ओरडले, “आवरा ते सगळं!” दोघांनी हाताला येईल ते जोडून कपाटात टाकलं. फ्रिडलीला घाईत गाडीची किल्लीच लावता येईना. बर्फातून घाट उतरून दवाखान्यापर्यंत गाडी कास्परनं नेली. वाटभर तो आनाला त्याच्या गाईंच्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगत होता आणि ती रडता रडता त्याला शिव्या देत होती.

मी हे सांगितलं. दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.

“त्याच हिवाळ्यात माझा नेम बिघडला होता,” कास्पर हळूच म्हणाला. “सगळ्या गोळ्या उजवीकडं. मला वाटलं, संपलं आपलं, म्हातारे झालो. चोपन्न वर्षांचा होतो! कुणाला बोललो नाही. लपूनछपून सराव करून हात बसवला.”

“मला सांगायचंस की,” फ्रिडली म्हणाला.

“तू सांगतोस का काही?”

मग फ्रिडलीनं डोळ्यांचं सांगितलं. “अरे गाढवा,” कास्पर एवढंच म्हणाला, आणि त्याच्या कपात स्वतःच्या बाटलीतली दारू ओतली.

तिथंच दोघांनी ज्याचे भाग त्याला परत केले. पुढच्या रविवारी कास्पर मुद्दाम डोंगर उतरून क्लबात आला. पन्नास वर्षांपूर्वी कारागिरानं बसवलेली जोडी पुन्हा एक झालेली, आता बघा म्हणाला. पाचही गोळ्या डावीकडं गेल्या; हात आता दुसऱ्या भागालाच सरावलेला. रोझमारीनं दुर्बिणीतून बघून विचारलं, “शेजारच्याचं लक्ष्य घेतलंयस का?”

कास्पर तरातरा फ्रिडलीकडे आला. “माझा वरचा भाग दे परत. म्हणजे तुझा. जो माझ्याकडं होता तो.”

फ्रिडली इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. दिला काढून.

नवं पिस्तूल आम्ही शरद ऋतूत घेतलं. कास्परच बरोबर आला दुकानात आणि बंदूकवाल्याला अर्धा तास छळलं त्यानं. क्लबात पहिल्या दिवशी त्यानंही नव्यातून पाच गोळ्या मारल्या. सगळ्या मधल्या काळ्या वर्तुळात. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “मला आवडत नाही.”

“का?”

“काही आठवतच नाही ते हातात घेतलं की.”

यावर कुणी विनोद केला नाही, श्ट्युसीनंसुद्धा. फ्रिडलीनं पिस्तूल परत घेतलं आणि म्हणाला, “मला पुढचं बघायचंय रे, जेवढं दिसतंय तेवढं.”

त्याला आणखी तीन वर्षं मिळाली त्या पिस्तुलानं. पहिल्या वर्षी तर त्याला क्लबाचं हॅमही मिळालं, बक्षिसाची डुकराची अख्खी खारवलेली मांडी, ती आम्ही नाताळपर्यंत पुरवली. मग मोठी माशीही धूसर व्हायला लागली. आता त्याला काळं वर्तुळ दिसतं, पण गोळी कुठं लागली ते दिसत नाही. म्हणून कास्पर त्याच्या शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि गुणांचे आकडे सांगतो; अगदी मध्यावर लागली की दहा.

“नऊ,” कास्पर म्हणतो. “दहा. हा नऊ, पण दहाला खेटून.”

गेल्या रविवारी मी दुसऱ्या दुर्बिणीतून सहज बघितलं. सात होता, सहा होता, एक तर वर्तुळाबाहेर पांढऱ्यात. मी कास्परकडं बघितलं. त्यानं डोळा न काढता मला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानं म्हणाला, “दहा! व्रेनी, बघितलंस का तुझ्या म्हाताऱ्याला?”

“बघितलं,” मी म्हणाले.