एलिनॉरचा भाऊ

जुन्या जालन्यात दुर्गाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत मंठेकर नावाचं जोडपं राहायला आलं, तेव्हा ते आडनाव नुकतंच जन्माला आलं होतं. देवानंदचं खरं आडनाव निकाळजे.

जालन्याचा जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या आणि देवानंदला पाटबंधारे खात्यात कारकुनाची नोकरी लागली. नोकरी सरकारनं दिली, खोली मात्र लोकांनी द्यायची होती. नामांतराच्या भांडणाचे दिवस. घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग पुन्हा आडनाव. दुसऱ्यांदा ऐकलं की खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवायचं. अशा बऱ्याच खोल्या काल देऊन झाल्यावर देवानंदनं दुर्गाबाईंच्या ओसरीवर उभं राहून सांगितलं, आम्ही मंठेकर, मंठ्याकडचे, गावाकडं शेती असते. शेती होती हे खरंच होतं. सासऱ्याची होती, दोन एकर, मुरमाड. बाकीचं दुर्गाबाईंनी आपल्या आपणच समजून घेतलं.

त्याच्या बायकोला, कौसल्याला, ही बातमी सामान लावताना कळली. निळ्या सुटातला फोटो तिनं कपाटाच्या दाराला आतून लावला आणि कपाट कुणासमोर उघडायचं नाही असं ठरलं. पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर यायची. माहेरच्यांना घरी न येण्याबद्दल कळवलं. आणि दर वर्षी चौदा एप्रिलला मंठ्याकडं कुणाचं ना कुणाचं लग्न निघायचं, त्याला दोघंही न चुकता जायचे.

दुर्गाबाईंना वाचनाचं वेड होतं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत होते, अजून पिकला नाही, थांबा. त्यांचे यजमान नरहरराव कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी काही दिवस वाचून दाखवलं, पण जन्मभर नोटिसा वाचल्यामुळे त्यांच्या तोंडून प्रेमपत्रही समन्ससारखं निघायचं. शेवटी दुर्गाबाईंनी कौसल्याला बोलावलं. ती बारावी झालेली होती, आवाज स्वच्छ होता आणि दुपारी रिकामी असायची. झोपाळ्यावर दुर्गाबाई आणि समोर चटईवर कौसल्या, असं वाचन सुरू झालं.

वाचनालयातून पुस्तकं नरहरराव आणायचे. फेरी वाचावी म्हणून जाडी बघून आणायचे. थंडीच्या दिवसांत असंच एक जाडजूड पुस्तक आलं. अमेरिकेतली जुनी, नावाजलेली कादंबरी होती, मराठीत केलेली. तिच्यात एलिनॉर नावाची मुलगी होती. आई लोकांचे कपडे धुणारी, काळ्या लोकांतली. पण ही रंगानं अशी उजळ निघाली की कुणाला संशयही येऊ नये. एक दिवस ती रेल्वेत बसून दुसऱ्या शहरात गेली, गोरी म्हणून राहू लागली आणि तिनं एका गोऱ्या डॉक्टरशी लग्न केलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दुपारी इथवर वाचून झालं आणि कौसल्या उठून पाणी पिऊन आली.

दुर्गाबाईंना एलिनॉर म्हणता येईना, त्या तिला एलाबाई म्हणू लागल्या. एलाबाईचं नेमकं कुठं बिनसलंय, हे त्यांना कळत नव्हतं.

"ती दिसायला गोरी आहे ना?"

"हो, काकू."

"मग काळी कशी?"

"तिची आजी काळी होती. तिकडं तसं धरतात."

"आजी आहे का?"

"वारली."

दुर्गाबाईंनी झोपाळ्याला पायानं एक रेटा दिला. "गेलेल्या आजीसाठी जित्या पोरीला छळून राह्यलेत. काय अक्कल म्हणावी लोकांची." थोड्या वेळानं त्यांना दुसरी बाजू आठवली. "पण नवऱ्यानंही नीट चौकशी करायला पाहिजे होती. आम्ही साधा भाडेकरू ठेवताना दोनदा विचारून घेतो."

कौसल्यानं पान उलटलं.

तिला पुस्तक आवडलं होतं की नव्हतं, हे तिला सांगता आलं नसतं. सकाळी भाकरी थापताना एलिनॉरचं काय होणार हा विचार यायचा आणि दुपारी पुस्तक हातात घेताना ते उघडू नये असं वाटायचं. देवानंदला तिनं एकदा गोष्ट सांगितली. तो म्हणाला, दुसरं पुस्तक घ्या.

त्यातच एका सकाळी कौसल्याचे वडील आले. कचरूबांचा गुडघा धरला होता, तो दाखवायला ते सरकारी दवाखान्यात आले होते. इतक्या जवळ येऊन पोरीला न भेटता जाणं त्यांना जमलं नाही. काखेत हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंढी घेऊन ते विचारत विचारत आले आणि अंगणात उभे राहिले. दुर्गाबाई ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. त्यांना माणसाची नुसती आकृती दिसली.

"कोण आलंय गं?"

कौसल्या मागून हात पुसत आली होती. वडिलांनी तिला बघून तोंड उघडलं होतं.

"गावाकडचा माणूस आहे, काकू," कौसल्या म्हणाली. "आमच्या वावरात असतो."

कचरूबांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "हौ. यांच्याच वावरात असतो मी. डहाळा आणल्ता."

दुर्गाबाई मनानं चांगल्या होत्या. इतक्या लांबून आलाय, त्याला चहा दे म्हणाल्या. कोनाड्यातला कप घे, असंही म्हणाल्या. कोनाड्यातला कप कान तुटलेला होता आणि बाहेरच्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला होता. कौसल्यानं त्यात वरून चहा ओतला. कचरूबांनी तो पायरीवर बसून प्यायला, मग ओंजळ पुढं केली. तिनं वरून पाणी घातलं. त्यांनी कप विसळला, उन्हात पालथा ठेवला आणि उठले.

"येतो, मालकीणबाई," ते म्हणाले. हे ते दुर्गाबाईंना नव्हते म्हणाले.

त्या दिवशी दुर्गाबाईंनी डहाळा आवडीनं सोलून खाल्ला. हरभरा गोड आहे म्हणाल्या, माणूस चांगला दिसतो, धरून ठेवा. रात्री देवानंदला कौसल्यानं सगळं सांगितलं. तुझ्या बापानं बराबर सांभाळलं म्हणून तो जेवायला बसला आणि अर्ध्या भाकरीवर उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकात एलिनॉरचा भाऊ आला. मोलकरणीनं दार उघडलं, भाऊ टोपी हातात घेऊन उभा होता, डॉक्टर जिन्यावरून बघत होता. कौसल्या वाचत चालली होती आणि चार ओळी खाली काय छापलंय ते तिला आधीच दिसलं. 'मी या माणसाला ओळखत नाही,' असं तिथं एलिनॉर म्हणत होती.

कौसल्यानं वाचलं, "एलिनॉर धावत पुढं आली. ती म्हणाली, हा माझा सख्खा भाऊ."

दुर्गाबाईंनी झोपाळा थांबवला. "नवऱ्यादेखत?"

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

कौसल्यानं पान उलटून पाहिलं. तिथून काही मदत मिळण्यासारखी नव्हती. "तो म्हणाला, हातपाय धुवा, जेवायला बसा."

असा नवरा हजारात एक, असं दुर्गाबाईंचं मत पडलं.

तिथून पुस्तक एका वाटेनं गेलं आणि वाचन दुसऱ्या. कौसल्या पानं वेळच्या वेळी उलटायची, पण नजर पानावर नसायची. एलिनॉरचा भाऊ घरात राहिला. त्याला रेल्वेत नोकरी लागली. मग आई आली. सासू तिच्याशी बोलेना, पण सासूचा गुडघा धरला तेव्हा आईनं तेल चोळून तो मोकळा केला. एकदा जेवणात वांग्याची भाजी निघाली. अमेरिकेत वांगी होतात का, असं दुर्गाबाईंनी विचारलं. कुंडीत लावतात, कौसल्या म्हणाली. भाषांतर करणाऱ्यानं हात जरा सैल सोडलेला दिसतोय, असं दुर्गाबाई म्हणाल्या, पण वाचन थांबवू दिलं नाही. शेवटी एलिनॉरला मुलगी झाली, तिला आजीचं नाव ठेवलं आणि कौसल्यानं पुस्तक मिटलं. बरीच पानं उरली होती. ती तिनं तशीच राहू दिली.

उन्हाळ्याच्या आधी मोतीबिंदू पिकला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा आला. आता पहिलं पुस्तक कोणतं वाचणार, असं नरहररावांनी विचारलं. एलाबाईचं, दुर्गाबाई म्हणाल्या, तेच पुन्हा आणा. कौसल्या तेव्हा तिथंच कैऱ्या चिरत होती. तिनं चिरणं थांबवलं नाही.

त्यांनी बोलावलं ते एका दुपारी, नेहमीच्या वेळेला. पुस्तक मांडीवर होतं, मधे बोट घातलेलं.

"यात तर तिनं भावाला ओळख दिली नाही."

"नाही दिली."

"वांग्याची भाजीही नाही."

"नाही."

"मग तू काय वाचत होतीस?"

कौसल्या चटईवर बसली नाही, उभीच राहिली. ओळी चुकल्या, पानं चिकटली होती, असं काहीबाही तिनं मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच तोंडाशी आलं नाही.

"काकू, डहाळा घेऊन आला होता तो माणूस माझा बाप होता."

दुर्गाबाईंना कळायला वेळ लागला. भिंगामागं त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते.

"मी त्याला कोनाड्यातला कप दिला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगितला. दिला मी."

"आडनाव काय तुमचं?"

"निकाळजे."

दुर्गाबाई पुस्तकात बोट तसंच ठेवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी झोपाळ्यासमोरची चटई धुऊन दोरीवर टाकलेली होती. चटई धुण्यासारखी झाली होती म्हणून धुतली की आणखी कशासाठी, ते कौसल्यानं विचारलं नाही. नळावर दोघींची गाठ पडायची, तेव्हा दुर्गाबाई बादली उचलून वाट करून द्यायच्या. बोलायच्या नाहीत. चारसहा दिवसांनी नरहररावांनी देवानंदला ओसरीवर बोलावलं आणि आपल्या त्याच नोटिशीच्या सुरात सांगितलं, जल्दी नाही, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडं बघा.

देवानंद बायकोवर चिडला. एवढी वर्षं निभावलं ते एका गोष्टीच्या पुस्तकापायी घालवलंस, म्हणाला. ती म्हणाली, निभावत तुम्ही होता, मी कप विसळायला पाणी घालत होते. त्यावर तो कपाट उघडून फोटो सोडवायला लागला. चिकटपट्टी जुनी झाली होती, एक कोपरा दारालाच राहिला.

खोली स्टेशनकडं मिळाली, ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं. या वेळी देवानंदनं आडनाव आधी सांगितलं आणि गाव नंतर. भाडं जास्त होतं आणि पाणी एक दिवसाआड.

सामान न्यायच्या दिवशी कौसल्यानं वडिलांना बोलावून घेतलं. कचरूबा टेम्पोबरोबर आले, गुडघा सांभाळत अंगणात उतरले आणि सवयीनं पायरीच्या अलीकडं थांबले. नरहरराव ओसरीवर होते. दुर्गाबाई दारात आल्या.

"काका, काकू," कौसल्या म्हणाली, "हे माझे वडील."

नरहररावांनी मान हलवली. दुर्गाबाईंनी चष्मा सारखा करून कचरूबांना पायापासून वरपर्यंत पाहिलं. पाहायला त्यांनी वेळ घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. कुठं, ते म्हणाल्या नाहीत.

"टेम्पोवाला थांबाया तयार न्हाई, बाई," कचरूबा म्हणाले. ते खरंच होतं, तो हॉर्न वाजवत होता.

देवानंद पुढं बसला. बापलेक मागं गादीवर, भांड्यांच्या टोपल्यांमधे. बाजारातून टेम्पो हळूहळू चालला होता. एवढं कोणतं पुस्तक होतं गं, असं कचरूबांनी विचारलं, तेव्हा कौसल्यानं गोष्ट सांगितली. आपली नाही, छापलेली. आई कपडे धुते, मुलगी रेल्वेत बसते, डॉक्टरशी लग्न करते, दारात आलेल्या भावाला ओळख देत नाही. कचरूबांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडलेही नाहीत आणि तिची समजूतही घातली नाही.

"मंग त्या भावाचं काय झालं?"

"माहीत नाही, आबा."

"वाचलं न्हाईस का पुढं?"

"नाही."

"वाचायचं मंग," कचरूबा म्हणाले आणि घसरणारी टोपली पायानं अडवून बसले.

सामान लागल्यावर कौसल्या वाचनालयात गेली आणि कौसल्या देवानंद निकाळजे या नावानं सभासद झाली. तिनं त्या कादंबरीची चौकशी केली. ती नरहररावांच्या नावावर होती. मुदत संपून गेली होती, निरोपही धाडला होता, पण घरातल्या बाई पुस्तक सोडत नाहीत, असं नरहरराव म्हणाले होते. कौसल्यानं दुसरं पुस्तक घेतलं आणि त्या कादंबरीवर आपला नंबर लावून ठेवला.