यशोदाची स्वभावचाचणी

तारकर्लीच्या त्या रिसॉर्टच्या काउंटरवर यशोदा इतकी वर्षं उभी होती, की परत येणारे पाहुणे आधी तिची चौकशी करत आणि मग खोलीची. गेल्या वर्षी रिसॉर्ट पुण्याच्या एका कंपनीने घेतलं. मे महिन्याची गर्दी ओसरत आली तेव्हा कंपनीचे अनिश सर आले आणि त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवून मोबाईलवर स्वभावाची चाचणी द्यायला लावली.

"यात पास-नापास नाही," ते म्हणाले. "कोणाला कुठलं काम मानवेल, एवढंच कळतं."

काउंटरवर यशोदाच्या हाताखाली असलेली स्वप्ना शेजारीच बसली होती. ती कुजबुजली, "सगळीकडे 'पूर्ण सहमत' दाब गो. इचार करत बसा नको."

यशोदाने तसंच सुरू केलं. मग एक वाक्य आलं : 'नवीन माणसांना भेटून मला उत्साह वाटतो.' सकाळीच एका पाहुण्याला समुद्र गढूळ वाटला होता आणि त्याबद्दल तिने हसून माफी मागितली होती. तिचे गाल अजून दुखत होते. तिने 'अजिबात सहमत नाही' दाबलं. त्यापुढे मग सगळी उत्तरं खरीच दिली.

पुढच्या आठवड्यात अनिश सरांनी तिला बोलावलं. "यशोदाताई, तुम्हाला एकटीने करायचं काम जास्त मानवेल, असं निकालात आलंय. काउंटर स्वप्ना बघेल. तुम्ही चादरी-टॉवेलची खोली सांभाळा. पगार तोच राहील."

"कधीपासून?" तिने एवढंच विचारलं.

तिचा नवरा गुरुदास मालवणला रिक्षा चालवायचा. त्याला हे मुळीच पटलं नाही. "खोटा लिवलंस आसतंस तर काय झाला आसता? सगळेच लिवतत."

"माका कंटाळो इलो हा खोट्या हसण्याचो," ती म्हणाली आणि जेवायची पानं घेतली.

सुरुवातीला अपमान बोचला. काउंटरवरची घंटा वाजली की ती सवयीने उठायची आणि परत बसायची. पुढे उठणं थांबलं. संध्याकाळी घरी गेल्यावर कोणी आपल्याशी बोलूच नये असं जे वाटायचं, तेही कमी झालं. थकवा मात्र गेला नाही. इतक्या वर्षांचा तो, असा थोडाच जाणार होता.

दिवाळीच्या गर्दीत एका दुपारी स्वप्ना त्या खोलीत येऊन टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसली आणि रडायला लागली. "माका नाय जमणा गो. कोण पण येता नि आराडता."

यशोदाने तिला पाणी दिलं. तेवढ्यात अनिश सर दारात आले.

"यशोदाताई, पाहुणे तुम्हालाच विचारतायत. चाचणी पुन्हा देता येते. या वेळी जरा विचार करून उत्तरं द्या, म्हणजे तुम्हाला परत काउंटरला घेता येईल."

"मागच्या वेळी विचार करूनच दिली होती, सर."

"अहो, पण तुम्ही किती छान बोलता सगळ्यांशी!"

"बोलत होते," यशोदा म्हणाली. "आता नाही होत."

सर निघून गेले. स्वप्नाने तोंड धुतलं, केस सारखे केले.

"जातंय," ती म्हणाली.

"मधी मधी हय येऊन बस," यशोदा म्हणाली. "माका काय त्रास नाय."

स्वप्नाचं तिला फार वाईट वाटलं. तरीही तिच्यासोबत काउंटरपर्यंत जायला पाय उचलले नाहीत. तिने दार लोटलं आणि पुढची चादर घडीला घेतली.