तीन बोटांची मूठ

माझी सुरी अशी गाजेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पंचवीस वर्षं जंगलात वापरायच्या सुऱ्या घडवतोय, कुत्रं विचारत नव्हतं. मग माझ्या धाकट्या भावाचा व्हिडिओ आला. तो लोकांना रानात फिरवून आणतो. व्हिडिओत तो हातमोजा घालून माझ्या सुरीनं भराभर लाकूड तासत होता. झालं! सगळ्यांना तीच हवी. मूठ आखूड, धार थेट मुठीला भिडलेली. काय म्हणे ती रचना! मी हुरळलो आणि भावाच्याच साच्यावर शंभरेक मुठी कापल्या.

काल एक गिऱ्हाईक दुकानात आलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला ही एवढी पट्टी.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"तुमची सुरी!" तो हसत म्हणाला. "सगळ्यांना इथंच लागतं. आमच्या गटात ज्याला लागलं नाही तो कच्चा. आणखी एक द्या. मुलीला दहावं वर्ष लागलंय, तिला हवीय."

मी साचा हातात धरून बघितला. मूठ तीन बोटांची! मग चौथं बोट जाणार कुठं? सरळ धारेवर. अक्कल गहाण टाकली होती का मी?

भाऊ मागच्या खोलीत होता. मी ओरडलो, "अरे, इकडे ये आणि हातमोजा काढ!"

"दादा, लोकांसमोर नको ना."

"काढ म्हणतो ना!"

त्यानं मोजा काढला. मोज्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटात नुसता कापूस होता. त्याचं ते बोट कारखान्यातल्या करवतीनं कधीच नेलं होतं. उरलेल्या तीन बोटांसाठी मी ती मूठ केली होती, फक्त त्याच्यासाठी.

गिऱ्हाईकाचा चेहरा पांढराफटक पडला. चला, समजलं एकदाचं, असं मला वाटलं. मी साचा भट्टीत टाकला.

"म्हणजे ही सुरी आता पुन्हा होणार नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"मेलो तरी नाही!"

त्यानं टेबलावरची उरलेली एकुलती एक सुरी झटकन उचलली. मी ती हिसकावून भट्टीत फेकली.

"राहू द्या," तो समजुतीनं म्हणाला. "माझी आहे ना घरी. आता मिळत नाही म्हटल्यावर पोरगी उड्याच मारील."